कौतिकच्या घरापर्यंतचा रस्ता

झुलालभाऊ चालतो तेव्हा त्याची मान कायम खाली. आमच्या कॉलनीत राहायला आला त्या आठवड्यात मला वाटलं, याचं काही पडलंय बहुतेक. ओट्यावरून विचारलं, "काय हारपनं, भाऊ?"

"काही नही, अक्का. रस्ता देखी राह्यनू."

रस्त्यात बघण्यासारखं काय असतं, हा प्रश्न मला तेव्हापासून चिकटला. मग हळूहळू कळलं. हा माणूस बांधकाम खात्यात मैलकुली होता. बत्तीस वर्षं शिंदखेडा तालुक्यातल्या एका डांबरी रस्त्याचा तुकडा याच्याकडे. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, पावसाळ्यात पाण्याची चारी मोकळी ठेवायची. संध्याकाळी काम आटोपलं की म्हणायचं, 'मैल सरना', म्हणजे संपला. "खड्डा गाडीनं पडत नाही, पाण्यानं पडतो," असं तो सांगायचा, आणि खड्ड्याकडे बघून पाणी कुठून आलं तेही सांगायचा.

पण राहायला आला तो आमच्या गल्लीत! दहा वर्षांपूर्वी इथे कपाशी होती. मालकानं चुन्याची फक्की मारून प्लॉट पाडले, घरं वाढत गेली, रस्ता मात्र काळ्या मातीचाच राहिला. चार थेंब पडले की चप्पल पायात कमी आणि चिखलात जास्त. आम्ही कुरकुर करून गप्प बसलो असतो, पण झुलालभाऊच्या बायकोची, ताईबाईची, किडनी गेलेली. आठवड्यातून दोनदा तिला रक्त धुवायला धुळ्याला न्यायचं. गाडी थांबणार वर, डांबरी रस्त्यावर. तिथवर ताईबाईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघं उचलून न्यायचे. गल्लीतलं शेवटचं घर त्यांचंच. एका पावसाळ्यात खुर्चीचा पाय रुतला आणि ती कलंडली. लागलं नाही फारसं. पण पुढच्याच ग्रामसभेत झुलालभाऊनं रस्त्यासाठी अर्ज टाकला.

दोन वर्षं गेली. मग एके दिवशी फलक लागला. मी दुसरीपर्यंतच शिकलेली, एकेक अक्षर धरत वाचलं: 'मुख्य रस्ता ते कौतिक यांचे घर, रस्ता काँक्रिटीकरण करणे.' कौतिक आमच्याच गल्लीतला.

"भाऊ, हा पैसा कोणाचा?"

"तुनाच. तू काडीपेटी घेस ना, तिच्यामा बी सरकारना वाटा शे. तो मुंबईला जातो, मग कागदावर बसून परत येतो."

"मग इतक्या लांब जातो कशाला? इथेच उतरून घेतला असता."

तो इतका हसला की खोकला आला.

यंत्र आलं, माती सपाट झाली. मुकादमानं लोकांना विचारलं, कौतिकचं घर कोणतं? लोकांनी बोट दाखवलं, त्यानं दारासमोर फक्कीची रेघ मारली आणि म्हणाला, रस्ता इथवर. आता गंमत बघा. अर्ज गेला तेव्हा कौतिक गल्लीच्या टोकाला राहायचा, झुलालभाऊच्या शेजारी. गेल्या दिवाळीत त्यानं निम्म्या गल्लीत नवं घर बांधलं, जुन्याला कुलूप. माणूस अलीकडे सरकला आणि त्याच्याबरोबर रस्ताही आखडला! पुढची सहा घरं चिखलातच.

कौतिकलाच शरम वाटली. म्हणाला, "भाऊ, मी खाट घेऊन जुन्या घरात पडतो. इंजिनेर येईल तेव्हा बायको तिथेच चहा ठेवील."

सगळे हसले. झुलालभाऊ नाही. "आणि परवा तू खाट उचललीस, तर रस्ताही उचलायचा का?"

दुसऱ्या दिवशी इंजिनेर साहेब आले. पोरगेलेसे होते. झुलालभाऊ म्हणाला, "साहेब, नाव सोडा. कागदावरची लांबी वाचा."

"एकशे नव्वद मीटर."

"ही रेघ एकशे दहावर आहे."

"टेप न लावता?"

"पायानं मोजलंय."

टेप लावला. एकशे अकरा भरले. झुलालभाऊ खाली वाकून म्हणाला, "टेप ढिला धरलाय." साहेब हसू दाबत पुढे मोजत गेले. एकशे नव्वद बरोबर कौतिकच्या जुन्या दाराशी संपले. फक्कीची रेघ तिथे गेली.

आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. झुलालभाऊचं दार त्याच्याही पुढे.

"अरे, अर्ज तू टाकला, मग स्वतःचं घर का नाही लिहिलं?" त्याच्या दाराशी उभं राहून मी विचारलं.

तो जमीन बघत राहिला. "माझंच नाव सांगायला तोंड उघडेना, अक्का. बत्तीस वर्षं लोकांच्याच दारापुढं काम केलं. म्हटलं, तीस पावलांचं तर अंतर."

आतून खाटेवरून ताईबाई म्हणाली, "बठ्ठा तालुकाले रस्ता दिधा, मना दारशी नही उना!"

दुसऱ्या दिवशी कौतिकनं नव्या घराच्या टाकीच्या खड्ड्यातून निघालेला मुरूम ट्रॉली भरून पाठवला. झुलालभाऊनं आम्हाला कामाला लावलं. मुरूम पातळ पसरा, पाणी मारा, धुम्मस हाणून दाबा, मग दुसरा थर. मध्ये उंच, कडांना उतार. मी पंचाहत्तरीची, तरी तांब्यानं पाणी मारलं. कमीजास्त झालं की ओरडाही खाल्ला.

मग काँक्रीट पडलं. ते पुरतं मुरलं त्या मंगळवारी धुळ्याची गाडी पहिल्यांदा त्यांच्या दाराशी आली. ताईबाई भिंतीला धरून आपल्या पायांनी चार पावलं चालली आणि आत बसली. खुर्ची ओट्यावरच राहिली. झुलालभाऊ मात्र अजून बाहेरच, जिथे काँक्रीट संपतं आणि मुरूम लागतो त्या सांध्यावर वाकलेला. चाकानं कड जरा दबली होती. त्यानं मूठभर मुरूम टाकला, टाचेनं दाबला, पुन्हा बघितलं.

ताईबाईनं खिडकीतून हाक मारली, "ओ, बसा आते. मैल सरना."