नसलेल्या बोटांचं दुखणं

मुबीनच्या उजव्या हाताची तीन बोटं अंबडच्या कारखान्यात गेली. पत्रा कापून मशीन वर जायला हवं होतं, ते त्या दिवशी लगोलग दुसऱ्यांदा खाली आलं. बोटं डायमध्येच, म्हणजे पत्रा कापायच्या साच्यातच, चेंदून बसली. डाय बसवणारा मी, त्यामुळे ती खरवडून काढायचं कामही माझ्याच नशिबी आलं.

मुबीन मोठा फटकळ. कामावर परतला त्याच दिवशी थोटा हात उंचावून म्हणाला, "चला, नखं कापायचं काम कमी झालं!" सगळे हसले. पण शेजारचं प्रेस मशीन धाडकन आपटलं की हा कळवळायचा. नसलेली बोटं दर ठोक्याला पुन्हा चिरडली जायची. घरी त्याची बायको शाझिया त्या रिकाम्या जागेवर फुंकर घालत बसायची.

शेवटी त्याने अर्ज दिला, मला प्रेसपासून लांब, पॅकिंगला टाका. अर्ज गेला विहंगसाहेबांकडे. वय सव्वीस, नवा रोबोट बसवायला आलेले, शिकलेले आणि अतिशहाणे. कोणाला कुठे टाकायचं हेही तेच ठरवायचे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं विचारायला गेलो, तेव्हा ते प्रेसशेजारी रोबोट तपासत होते. कॉम्प्रेसर इतका धडधडत होता की ओरडूनच बोलावं लागत होतं.

"मुबीनभाई, बोटंच नाहीत तर दुखणार काय? मेंदू म्हणजे कॉम्प्युटर. त्याचं गणित चुकतंय, एवढंच." साहेबांनी रोबोटच्या लोखंडी हाताला धक्का दिला. तो थांबला, लाल दिवा लागला. "बघा, यालाही लागलं. तुमचं गणित जरा मोठं, बाकी फरक नाही. अर्ज नामंजूर केलाय."

"गणित चुकतंय ना? मग आतून बोंबलतं कोण?"

"तेही गणितच."

मुबीनने डाव्या हाताने साहेबांचं मनगट धरलं, पिरगाळलं, डायवर दाबलं आणि प्रेस चालवायच्या पायडलवर लाथ हाणली.

तशी किंकाळी मी जन्मात ऐकली नव्हती. मशीन मात्र खाली आलं नाही. डाय बदलायची होती म्हणून जेवायला जाताना प्रेसचा मेन स्विच मीच बंद केला होता.

"काय लागलं तुम्हाला?" मुबीन ओरडत होता. "रक्त नाय, खरचटलं नाय. मग किंचाळलं कोण, सांगा ना साहेब!"

साहेबांची पँट ओली झाली होती. सिक्युरिटीवाल्यांनी मुबीनला काठ्यांनी लोळवलं. दोन दात पडले, नोकरी गेली. मी मनातून खूश होतो, खोटं कशाला बोलू! कारखानाभर सांगत सुटलो, मशीन बंद आहे हे हेरून पठ्ठ्याने साहेबाला कसा धडा शिकवला.

आठवड्याने त्याच्या घरी गेलो. शाझिया त्याला पातळ खिचडी भरवत होती. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "भल्या माणसा, मशीन बंद आहे हे तू पाहिलंस तरी कधी?"

"नाय पाहिलं," मुबीन म्हणाला. "मला चालूच वाटलं होतं."