दोन तुकड्यांचं जहाज

समुद्र मी पाहिला तो नोकरीला लागल्यावर. त्याच्या आधीच, सोलापुरात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना, मी कागदावर जहाज काढून मोकळा झालो होतो. सत्तरच्या दशकातली ती वर्षं. लोखंडी पेट्यांत माल भरायचा आणि पेट्या तशाच्या तशा जहाजावर चढवायच्या, ही पद्धत तेव्हा नवी होती. वाचनालयातल्या मासिकात तिचे फोटो आले होते. कॉलेजच्या प्रदर्शनात जगावेगळी रचना मांडायची होती, तेव्हा मी हेच धरलं. मला चार लोकांत शहाणं दिसायचं होतं, दुसरं काही नाही.

नकाशा मी शेजारच्या मामांच्या मागाच्या खोलीत बसून काढायचो, कारण मोठं टेबल तिथंच होतं. मामा चादरी विणायचे. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. एकदा ते माझ्या कागदावर वाकले.

"ह्या पेट्या उतरवायला किती दिवस लागत्यात?"

"दोन-चार तरी लागतात."

"आन् तवर इंजिन उभंच?"

"उभंच की."

मामांनी मागाकडे बोट केलं. सूत गुंडाळलेलं बीम संपलं की रिकामं उतरवतात, भरलेलं चढवतात आणि जुन्या टोकांना नवी टोकं गाठी मारून सांधतात. "बीम भरायला आमी माग उचलून नेतो काय? पेट्यांचा तुकडा बंदरात सोड. इंजिनाचा तुकडा दुसरा भरलेला घेऊन जाऊ दे की."

मी तो कागद फाडला आणि नवा घेतला. मागे इंजिन, पुढे पेट्या, मधे जोड. खाली नाव एकट्याचं, माझं. मामांचं घालावं असं मनात आलं होतं, पण विणकराचं नाव पाहून लोक हसतील असं मीच परस्पर ठरवून टाकलं.

प्रदर्शनाच्या दिवशी मामा माग बंद ठेवून, इस्त्रीचा सदरा घालून आले. परीक्षकांचं सगळं आयुष्य बोटीवर इंजिनिअर म्हणून गेलेलं, आणि बोलणं सगळं इंग्रजीत. कल्पना कुठून आली, असं त्यांनी विचारलं. "सुचली," मी सांगून टाकलं. मग त्यांनी जोडावर बोट ठेवलं. लाटेवर एक तुकडा वर आणि एक खाली गेला, तर हा टिकेल का?

भिंतीपाशी उभ्या असलेल्या मामांकडे हात करून मी इंग्रजीत म्हणालो, "तो भाग त्या विणकराच्या हट्टामुळे घातला. त्याला यातलं काही कळत नाही."

सगळ्यांनी वळून पाहिलं. पोरं हसली. मामांना इंग्रजी येत नव्हतं. ते आधी गोंधळले, मग त्यांनी हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. त्या वेळी मीही थोडा हसलो होतो. त्याची लाज मला आजही वाटते, खोटं बोलल्यापेक्षा जास्त.

मी मामांबरोबरच त्यांच्या घरी आलो. उंबऱ्यावरच त्यांनी मामींना हाक मारली. "आगं, भर सभेत ह्यानं मला दाखवलं. सायब लोकं वळून बघाय लागली." मग माझ्याकडे वळले. "काय सांगितलंस रे त्यांना? हिला मराठीत सांग की."

मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. खरं सांगायची वेळ हीच होती, आणि मला ते कळतही होतं.

"मी म्हणालो, कल्पना सगळी मामांची. मी फक्त रेघा मारल्या."

मामांनी मान खाली घातली. डोळे पुसायला त्यांनी इस्त्रीच्या सदऱ्याची बाही वापरली. जे वाक्य मी तिथं बोलायला हवं होतं, ते मला त्यांच्या उंबऱ्यावर इतकं सहज सुचलं.

त्यांनी ते पाठच केलं. पुढं कित्येक वर्षं घरात कुणीही आलं की ते मला बोलावून घ्यायचे, ते वाक्य म्हणून दाखवायचे आणि सांगायचे, "लई मोठ्या मनाचं पोरगं हाय." मी "नाही हो मामा, तसं काही नाही," म्हणायचो. ते खरं होतं, पण सगळ्यांना तो माझा विनय वाटायचा.