निळीचा रांजण

कुजलेला पाला, ओला चुना आणि त्यांच्या तळाशी दडलेली एक उग्र गोडी, असा तो वास धानोऱ्यात आला तो त्या रंगारी जोडप्याबरोबर. सुरतेकडून ती दोघे आली, आमच्या मळ्याला लागून त्यांनी झोपडी घातली आणि गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या रांजणात नीळ आंबवू लागली. रांजणावर सदैव गोधडी असे. रंगारीण सकाळी तिचे टोक उचलून आत हुंगे आणि काहीतरी पुटपुटे.

त्यांनी रंगवलेले आईचे लुगडे कितीही धुतले तरी जांभळाच्या सालीसारखे गर्दच राहिले. संशय वाढला तो तिथूनच.

"इतला गुनी शे, ते मंग गाव कसाले सोडं?" आई म्हणाली.

"काहीतरी करीसन पळी उना व्हई," काकूने री ओढली.

मी सरळ रंगारणीलाच विचारले. ती हसली. "तठे घरोघर रंगारी, पोरी. मंग रंगाडाले लुगडं कोन आनी?"

उत्तर इतके साधे होते की घरी ते कुणालाच पटले नाही.

पुढे गावात गुरे दगावली. पंचांनी भगताला बोलावले. उतारा म्हणून तो टोपलीभर लिंबे घेऊन रांजणाशी उभा राहिला, तेव्हा रंगारी त्याच्या पायाशी वाकला. "आंबट नका टाका, बापा! मरी जाई!"

गर्दी मागे सरकली. मरेल? म्हणजे आत कुणीतरी आहे! मग तर एकही लिंबू शिल्लक राहिले नाही.

दुसऱ्या दिवशी रांजणातले पाणी राखेच्या रंगाचे झाले होते. रंगाऱ्याच्या बापाच्या घरच्या रांजणातून आणलेले विरजण त्यात होते. ते आंबटाने मेले म्हणजे धंदा गेला. जोडपे सामान बांधू लागले. खंगलेली नीळ चुना-गुळावर कधी कधी परतते, असे रंगारीण मागे बोलली होती. आईने गुळाची ढेप माझ्या हाती दिली. "ने. ऱ्हाय म्हन तिले."

रंगारणीने ढेप घेतली, हुंगली, फिरवून पाहिली. माझ्या खांद्यावरून तिची नजर आमच्या दाराकडे गेली. तिथे आई उभी होती. रंगाऱ्याचा हात दोरीच्या गाठीवर थांबला. तिने गुळाचा खडा फोडला आणि निळ्या बोटांनी माझ्या ओठांशी धरला.

"पहिले तू खा."