भरतीच्या वेळचं पाणी

साबण फेसाळेना, तेव्हाच रुकियाने ओळखलं. ऐन दुपार, समुद्राला भरती. नवऱ्याचा चुन्याने माखलेला सदरा ती गल्लीतल्या विहिरीवर घासत होती आणि हाताला नुसता चिकटा लागत होता. पाणी खारं झालं होतं. पाऊस लांबला की भरतीच्या वेळी केनियातल्या या लामू बेटाच्या किनाऱ्यालगतच्या विहिरींचं असंच होतं.

आणि तिकडे फुमो, तिचा नवरा, अशाच एका विहिरीच्या पाण्यात चुना कालवत होता. जुन्या कचेरीच्या भिंतींवर कुणीतरी थापलेलं सिमेंट खरवडून त्याने आतला पोवळ्याचा दगड मोकळा केला होता. आता त्यावर गिलावा चढत होता. त्यात मीठ शिरलं तर गिलावा फुगून गळणार, सोबत दगडही भुगा होणार. म्हणून कालवण्याआधी पाणी चाखायचं, ही त्याची जन्माची सवय. पण रमजान लागला आणि चाखणं गेलं सूर्यास्तानंतर. हल्ली त्या वेळी असते ओहोटी.

कामावर बायकोने आलेलं त्याला खपत नसे. तरी रुकियाने अल्लाचं नाव घेतलं, सदरा तसाच टाकला आणि निघाली. वाटभर एकच मागणं मागत होती, माझं चुकलेलं असू दे.

“अहो, पाणी चाखलंत का?”

“काल रोजा सोडताना चाखलं की. गोड होतं.”

“तेव्हा ओहोटी होती. आत्ता भरती आहे.”

मचाणावरून त्याचा जोडीदार शाली हसला. “वहिनी, उपासानं गरगरतंय का? घरी जाऊन पडा जरा.”

“पडायचं वय तुमचं झालंय भावजी, खाली बघून चढत जा.” मग नवऱ्याला म्हणाली, “मी नाही रोज्यात कालवणाचं मीठ जिभेच्या टोकानं बघून थुंकत?”

“ते तुम्हा बायकांचं. माझा रोजा मी धोक्यात घालणार नाही.”

रुकियाने पाण्याच्या बादलीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “दुपारच्या नमाजाची वेळ झालीय. वुजूचं हात-तोंड आज मशिदीत नको, इथंच याच पाण्यानं धुवा. रोजा असला तरी त्यात चूळ तर भरायचीच असते.”

फुमोने बाह्या वर सारल्या. बादली ओढली, हात धुतले, चूळ भरली. थुंकला. पुन्हा भरली. तिसरी चूळ त्याने तोंडात बराच वेळ धरली.

“शाली, थापी ठेव. सकाळचं सगळं खरवड, ओलं आहे तोवर.”

“अरे, ईद तोंडावर आलीय!”

“खरवड म्हटलं ना!”

“आणि आधीच्या भिंती?” रुकियाने विचारलं. तो स्वतःच थापी घेऊन खरवडायला लागला.

सूर्य बुडेपर्यंत ती घरी गेलीच नाही. अजान झाली. फुमोने खजूर तोंडात टाकला, घोटभर पाणी प्याला आणि सरळ पहिल्या भिंतीला जीभ लावली.

“ही वाचली,” म्हणाला, आणि पुढच्या भिंतीकडे वळला. रुकिया हातातला खजूर तसाच धरून त्याच्या मागे गेली.