काय फुटलं?

पेनाचं टोपण काढायचं, ते पेनाच्या मागच्या टोकाला घट्ट बसवायचं आणि समोरच्याकडे बघून विचारायचं, "काय फुटलं?"

घरफोडीची तक्रार घेऊन कोणीही आलं की जमादारांचा पहिला प्रश्न हाच. समोरचा माणूस गोंधळायचा. त्याची सगळी घालमेल चोरीला गेलेल्या वस्तूंसाठी असायची, आणि हे विचारणार कुलपाचं, कडीचं, खिडकीच्या गजाचं. तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. ती नेमक्या शब्दावाचून पुढे सरकत नाहीत आणि आपल्याला वाटतं, ती टाळाटाळ करताहेत.

मी तेव्हा नागपुरातल्या एका छोट्या दैनिकात नवी वार्ताहर होते. रोज दुपारी ठाण्यात जायचं आणि गुन्ह्यांच्या बातम्या उतरवून आणायच्या, हे माझं काम. जमादार निवृत्तीला आलेले, रामटेककडच्या एका गावचे. मला खुर्ची द्यायचे, चहा सांगायचे आणि माझी वही मागून घ्यायचे.

"ताई, हे काय लिहून राहिल्या तुम्ही? कंपाउंडातून सायकल गेली, ती चोरी. घरफोडी नाही होत."

"लोक तर सगळ्यालाच घरफोडी म्हणतात."

"लोकायले म्हणू द्या. तुम्ही लिहिता न. मंग पाहून लिहा."

मग त्यांनी मला शब्दाची जन्मकथाच सांगितली. "पयले मातीच्या भिती राहत. चोर मागच्या बाजूनं यायचा, भितीले भोक पाडून अंदर घुसायचा. खरोखरच घर फोडायचा, म्हणून घरफोडी. आता सिमेंटच्या भिती कोण फोडते? कुलूप तोडते, नाहीतर नकली चावी लावते. पण शब्द तोच राहिला." पुढे म्हणाले, "अन् घरात राहणाऱ्या माणसानं घरातलं काही उचललं, तर ते घरफोडीत बसत नाही. आमच्या गावाकडे भाऊ भावापासून वेगळा झाला, का त्याले बी घर फोडलं म्हणते. पण त्याचा रिपोर्ट कोणी आणत नाही."

मी हसले. ते हसले नाहीत.

एका दुपारी हुडकेश्वरच्या बाजूची एक म्हातारी ठाण्यात आली. घरफोडी झाली, कपाटातल्या सोन्याच्या पाटल्या गेल्या, म्हणाली. जमादारांनी त्यांचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "फुटलं काहीच नाही जी. पण गेल्या."

ते स्वतः घर पाहायला निघाले. मी माझ्या स्कूटीवर त्यांच्या मागोमाग गेले.

नवी वस्ती, छोटंसं घर. जमादारांनी दाराची कडी पाहिली, खिडक्या पाहिल्या, कपाटाच्या कुलपावर बोट फिरवलं. ओरखडाही नव्हता.

"चावी कुठं ठेवता मावशी?"

"देवघरात. हळदीच्या डबीमागं."

"पाटल्या कोणाच्या?"

"सुनेच्या माहेरच्या. पण मीच सांभाळतो."

तेवढ्यात सून पाणी घेऊन आली. पंचविशीची असेल. जमादारांनी तिच्या मनगटांकडे एकदाच पाहिलं. दोन-दोन काचेच्या बांगड्या होत्या. त्यांनी पेला रिकामा केला, तो परत द्यायला स्वतः स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिच्याशी हळू आवाजात काही बोलले. मी तेव्हा कपाटाचा फोटो काढत होते.

निघताना ते म्हातारीला म्हणाले, "दोन दिवस थांबा मावशी. घरातच नीट पाहा एकदा. नाहीच भेटल्या तर मी रिपोर्ट लिहितो."

बाहेर आल्यावर माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही बी दोन दिवस थांबा. छापू नका."

"का?"

"आता नाही सांगत. माझ्यावर भरोसा ठेवा."

मी ठेवला नाही. गुन्हे कमी दिसावेत म्हणून तक्रारी लिहूनच घेत नाहीत, हे आमच्या कचेरीत रोज बोललं जायचं. मला वाटलं, आपल्या हाती पुरावा लागला. संध्याकाळी बातमी लिहिली. 'घरफोडीची तक्रार नोंदवण्यास पोलिसांची टाळाटाळ.' खाली माझं नाव, पहिल्यांदाच. सकाळी आईनं तो अंक शेजारी नेऊन दाखवला.

त्याच सकाळी वरचे अधिकारी त्या घरी पोहोचले. गुन्हा नोंदवला, तोही घरफोडीचाच. झडती झाली आणि पाटल्या कणकेच्या डब्यात, पिठाखाली सापडल्या. गल्ली दारात जमली होती. मीही होते. सून भिंतीला टेकून उभी होती, नवरा तिच्याकडे बघत नव्हता. पुढे प्रकरण मिटलं, गुन्हा राहिला नाही. पण त्या दुपारी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला, आणि सासरचं कोणी तिला आणायला गेलं नाही.

जमादारांची चौकशी लागली. महिन्याभरात त्यांना मौद्याच्या बाजूला पाठवलं. जाण्याच्या दिवशी मी ठाण्यात गेले. माफी मागायची म्हणून गेले होते, तोंडातून निघालं ते, "तुम्ही मला तेव्हा सांगायला हवं होतं."

त्यांनी नेहमीसारखा चहा सांगितला. "सांगितलं असतं तर एका पोरीचं नाव तुमच्या वहीत गेलं असतं," ते म्हणाले. "जाऊ द्या. तुम्ही तुमचं काम केलं."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

नंतर दोनतीन वेळा फोन लावला आणि पलीकडे घंटी वाजायच्या आत तोडला. मौद्याला जाणारी बस माझ्या कचेरीसमोरून जायची. मी कधी चढले नाही. दीड वर्षानं ठाण्यातल्या एका शिपायानं सहज सांगितलं, जमादार गेले. नोकरीतच, हार्ट अटॅकनं.

त्यांच्या घरी जायची हिंमत झाली नाही. मी त्या सुनेचं माहेर शोधलं. रामटेकच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांना लागून घर. ती अंगणात शिलाई मशीनवर बसली होती. तिनं मला ओळखलं नाही. मी म्हणाले, जमादारांच्या ओळखीतून आले. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"काका येत राहतात न इकडे. त्यायचं गाव जवळच आहे. माझ्या सासरी बी चारदा जाऊन आले, समजावून सांगाले. लई दिवस झाले, आले नाही."

मग ती आपणहून बोलत गेली. बहिणीच्या लग्नात पाटल्या घालायच्या होत्या. आईनं दिलेल्या. सासूनं नाही म्हटलं, म्हणून न विचारता घेतल्या. "काका त्या दिवशी पाण्याचा पेला देता देता बोलले, बेटी, जिथून घेतल्या तिथं ठेवून दे, मी कोणाले काही नाही सांगत. सकाळी सासू आंघोळीले गेली का ठेवणारच होती मी. पण त्याच सकाळी पेपरात आलं."

मी पाणी मागितलं. ती पेला घेऊन आली आणि दुसऱ्या हातात पुरुष उन्हात डोक्याला बांधतात तसा एक पांढरा दुपट्टा. "मागच्या उन्हाळ्यात काका हा इथंच विसरले. मी धुऊन ठेवला. त्यायच्या घरी देऊन द्याल? तुम्ही त्यायच्या कोण?"

मला तिला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. काका गेले, ही एकच सांगता आली.

पुढे केलेला दुपट्टा तिनं मागे घेतला, मशीनपाशी बसली आणि मांडीवर त्याची घडी मोडून पुन्हा घालत राहिली.