भाताचा टोप उचलणारा धर्मा

आगरदांड्याच्या धक्क्यावर चिंबोऱ्या विकायला बसलो होतो, तिथं भाच्याचा फोन आला. "मामा, बाबा गेला." धर्मा म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा. वादळात भिजला, छाती धरली, ती सुटलीच न्हाय… मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, पण हे मीच लिहिणार. पेपरात त्याच्यावर छापून आलं, त्यात साहेबांची नावं हायत, आमची वाडी न्हाय.

आमची कातकरवाडी डोंगराच्या अगदी कुशीत. वादळाचा इशारा तालुक्याहून धर्माच्या फोनवर यायचा. वाडी खालच्या गावात नेणं त्याच्याकडं. आता आमची माणसं सांगून हलत न्हाईत. म्हणून धर्मा सांगायचाच न्हाय. घरात शिरायचा, चुलीवरचा भाताचा टोप उचलायचा नि चालू लागायचा. मागं शिव्या घालत बाया, बायांमागं पोरं, पोरांमागं आम्ही. "सरकारच्या मागं कोन जातंय? भाताच्या मागं समदी येतात," म्हणून हसायचा.

गेल्या साली असेच उतरलो, तर गावच्या सभागृहाला कुलूप. किल्लीवाला छत्रीतनं म्हणाला, "आताच रंग दिलाय, धर्मा. तुमची माणसं आत चुली मांडतील." धर्मानं तालुक्याच्या साहेबाला फोन लावला. साहेब म्हणाले, "अरे, वाडी हलवली म्हणून वर कळवलंय की!" आम्ही पावसात उभे, भातात पाणी. तसेच परत वर गेलो.

यंदा पुन्हा इशारा आला. धर्मानं आमचा टोप उचलला, तर माझ्या बायकोनं दुसऱ्या बाजूनं धरला. "ठेव खाली, भावोजी. भिजायचंच तर आपल्या घरात भिजू." मला तिचं पटलं. आजही पटतं. धर्मानं टोप सोडला. एकटाच खाली गेला आणि सभागृहाच्या पायरीवर पाऊस अंगावर घेत बसला.

"घरी जा, मरशील," किल्लीवाला म्हणाला.

"उघड. मग जातो."

दिवस मावळायच्या आत दार उघडलं. धर्मा वर येऊन म्हणाला, "उघडलंय. आत जाऊन बघून आलोय." तेव्हा वाडी उतरली. मागं दरड आली, दोन घरं मातीत गेली. एकही माणूस दगावला न्हाय, असं हापिसानं कळवलं. धर्मा पुढं खोकून खोकून गेला, त्याला ते वादळात गेलेल्यांत धरत न्हाईत.

शोकसभा त्याच सभागृहात झाली. दार सकाळपासनं सताड उघडं, पंखे चालू, फोटोला हार. किल्लीवाला स्वतः बाहेर आला. "काका, आत या की."

"वादळ आलं की बोलव," म्हणालो, आणि धर्मा बसला होता त्या पायरीवर बसून राहिलो.