व्याह्यांच्या गावची रापण

माझी अब्रू गेली ती समुद्राच्या काठावर, भर सकाळी, लेकीच्या सासरच्या अख्ख्या गावासमोर. सांगतो, पण आधी तोंडातला चहा गिळून घ्या. मागं एकाच्या नाकातून आला होता!

आम्ही घाटावरचे, गडमुडशिंगीचे. लेक दिली थेट समुद्रकाठी, देवगडच्या बाजूला. लग्नानंतरच्या मे महिन्यात व्याह्यांचा फोन आला. "गावात उत्सव आसा. जेवणखाण सगळा फुकट. सकाळी रापण आसा, येवाच!"

रापण? आमच्याकडं माणूस उन्हात रापतो! मी बायकोला म्हटलं, "अगं, उन्हात रापायला बलवायल्यात."

"मग तुमी कशाला येताय? तुमी आदीच रापलाय की!"

तरी गेलो. लेकीच्या सासरी पहिलाच मुक्काम, चार माणसांत आपली छाप पडली पाहिजे, एवढंच डोक्यात. तिथंच घात झाला.

सकाळी किनाऱ्यावर बघतो तर वीसेक माणसं दोर धरून उभी. लांब पलीकडं आणखी वीसेक, दुसरा दोर धरून. त्यांच्या पुढं आमचे व्याही! तेवढ्यात माईकवरून आवाज आला, "अलीकडच्या दोराक माणसा कमी पडतत, येवा!"

रस्सीखेच! अहो, तालमीच्या संघात मी शेवटचा गडी. कमरेला दोर गुंडाळून उभा राहिलो की ट्रॅक्टरसुद्धा हलायचा नाही. (ट्रॅक्टर बंद होता, ते सोडा.) दोन दोर कशाला आणि दोन्ही पाण्यात कशाला, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. मला कुठला पडायला? ज्याचा दोर आधी बाहेर तो जिंकला, असा मी परस्पर निकाल लावला आणि सगळ्यांच्या मागं जाऊन दोर कमरेला गुंडाळला.

"वढाऽऽ! आरं जोर लावा की!" मी ओरडलो. माझ्या पुढची बिचारी कोकणी माणसं दचकून ओढायला लागली. दोर सरासर बाहेर यायला लागला. पलीकडून व्याही दोन्ही हात हलवत ओरडत होते, "हळू! हळू!"

मला वाटलं, हरायला लागले! मला आणखी चेव चढला. "पावणं, आता कसलं हळू? दमलासा व्हय?"

ते पळत यायला लागले. मी म्हटलं, हार मानायला येतायत, मोठ्या मनाचा माणूस! दोराचं टोक वाळूवर आपटलं आणि छाती काढून विचारलं, "बोला, ढाल कुनाला?"

मग एक म्हातारी कपाळावर हात मारून म्हणाली, "मासो गेलो गो बाय!"

स्वयंपाक सोडून लेक धावत आली. "आबा, काय केलासा हे? रापण म्हंजे दोन दोरांच्या मधे एकच जाळं असतंय! दोन्हीकडनं सारखं वढायचं, न्हायतर मासं निसटून जात्यात. आज त्याच मासळीचं गावजेवण होतं!"

पाय वाळूत रुतले म्हणतात ना, तसे रुतले. लेकीचं तोंड बघवेना. गाव मात्र भलतंच गोड. एकानं शिवी दिली नाही. व्याह्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "जावंदे. समुद्र काय खय पळत नाय." बायांनी डाळीची पातेली चढवली.

दुपारी पंगत बसली. दोनशे पानांवर वरणभात. आणि माझ्या पानात व्याह्यांनी स्वतःच्या हातानं एक तळलेला मासा वाढला. बोटभर पेडवा. सगळ्या जाळ्यात एवढा एकच सापडला होता.

"पावण्याचो मान," ते म्हणाले.

डोळ्यांत पाणी आलं हो. अख्खं गाव वरणभात खातंय आणि मासा माझ्या एकट्याच्या पानात! घास घेतला. पेडव्यात मांसापेक्षा काटेच जास्त, हे मला मटणाच्या गावच्या माणसाला कोण सांगणार? काटा घशात अडकला. मग व्याही पाठीवर थापट्या मारतायत, विहीणबाई कोरडा भात गिळायला देतायत, आणि ज्यांचे मासे मी सोडले ते दोनशे लोक जेवण थांबवून माझा काटा सुटायची वाट बघतायत!